अंबरनाथमार्गे स्टॉकहोम

सुट्टीचे बेत आमच्या मानपाड्यात आता बदलले आहेत. दहा-पंधरा वर्षांपूर्वी ओळखीच्या घरांमध्ये मेची सुट्टी म्हणजे गाव, आणि गाव म्हणजे मुरूड, श्रीवर्धन, दापोली नाहीतर चिपळूण. कुणी अजमेरला जायचं, कुणी हैदराबादला मामाकडे. पैसे साठले की उमरा. आता घरटी एखादा मुलगा किंवा मुलगी सॉफ्टवेअरमध्ये असते, कंपनीने कुठेतरी पाठवलेलं असतं आणि अम्मी-अब्बांना बोलावणं येतं. दुबई झालं, इस्तंबूल झालं. अलीकडे कानावर येणारं नवं नाव स्टॉकहोम, स्वीडनची राजधानी.

आमच्या शाळेतून निवृत्त झालेल्या एक बाई आणि त्यांचे मिस्टर येत्या उन्हाळ्यात मुलाकडे तिथे आठ दिवस जाणार आहेत. मुलाने पाठवलेली यादी त्यांनी मला दाखवली. गामला स्तान ही जुनी वस्ती, राजवाडा, आब्बा या गायकांचं संग्रहालय आणि वासा नावाचं जहाज. यादीत वाईट काही नाही. वासा तर चुकवूच नये. १६२८ साली, म्हणजे शिवरायांच्या जन्माच्या दोन वर्षं आधी, हे लढाऊ जहाज पहिल्याच सफरीला निघालं आणि बंदरातच बुडालं. ३३३ वर्षांनी, १९६१ मध्ये, ते जवळजवळ अख्खं वर काढलं. पण यादी वाचून झाल्यावर बाई हसत म्हणाल्या, “यात आपलं काय आहे गं?”

त्यांच्या मिस्टरांचा प्रश्न जास्त अवघड होता. २०२३ च्या बकरी ईदला, २८ जूनला, स्टॉकहोमच्या मोठ्या मशिदीबाहेर एका माणसाने कुरआन शरीफचं पान जाळलं. पोलिसांनी त्या निदर्शनाला परवानगी दिली होती. सरकारने नंतर निषेध केला, पण अभिव्यक्तीच्या कायद्यापुढे आपले हात बांधलेले आहेत, असाच एकूण सूर होता. “अशा गावात पैसे खर्चून जायचं कशाला?” असं ते म्हणाले. जावं की न जावं, हे मी कोण सांगणार? पण त्या शहरात आणि त्याच्या आसपास काय जपून ठेवलेलं आहे, ते सांगता येतं. दोघांच्याही प्रश्नांना त्यातूनच काही उत्तर मिळालं तर मिळेल.

आधी वेळेचं बघू. व्हिसाची कागदपत्रं मुलगा बघेल. शेंगेन व्हिसाचा अर्ज निघण्याच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान पंधरा दिवस आधी करावाच लागतो. किमान ३०,००० युरोचा प्रवासी आरोग्य विमा लागतो. खरा प्रश्न महिना कोणता निवडायचा हा आहे. स्टॉकहोम ५९ अक्षांशावर आहे, आपण १९ वर. जूनच्या शेवटी तिथे सूर्य रात्री दहानंतर मावळतो आणि पहाटे साडेतीनच्या सुमारास पुन्हा उगवतो. मधल्या वेळातही पुरता काळोख होत नाही. डिसेंबरात उलट, दुपारी तीनच्या आत दिवस संपतो. फिरायला उन्हाळाच चांगला, शिवाय रमजान सध्या हिवाळ्याच्या बाजूला सरकलेला असल्यामुळे रोज्यांचा प्रश्न येत नाही. पण नमाजी माणसाला विचार पडतो. मगरिबच दहानंतर, मग इशा कधी आणि फजर कधी?

हा प्रश्न आपल्या आधी अकराशे वर्षांपूर्वी एका बगदादी माणसाला पडला होता आणि त्याने तो लिहूनही ठेवला. त्याचं नाव अहमद इब्ने फजलान. खलीफा मुक्तदिरने व्होल्गा नदीकाठच्या बुल्गारांच्या राजाकडे एक शिष्टमंडळ पाठवलं, त्यात तो होता. ९२१ च्या जूनमध्ये बगदाद सोडलं आणि पुढच्या वर्षीच्या मेमध्ये ते बुल्गारांच्या मुक्कामी पोचले. आजच्या कझानच्या दक्षिणेला ही जागा येते. एका संध्याकाळी इब्ने फजलान राजाच्या शिंप्याशी गप्पा मारत आपल्या तंबूत बसला. हा शिंपीही मूळचा बगदादचा. इशाची अजान झाली की उठू, असं दोघांनी ठरवलं होतं. अजान झाली, बाहेर येऊन बघतात तर उजाडलेलं. मुअज्जिनला विचारलं, ही कसली अजान? तो म्हणाला, फजरची. मग इशाची? ती आम्ही मगरिबबरोबरच पढतो. आणि रात्र? ती तुम्ही बघताच आहात, याहून लहान रात्री होऊन गेल्या. फजर चुकेल या धास्तीने तो मुअज्जिन महिनाभर धड झोपलेला नव्हता.

बुल्गार ५५ अक्षांशावर आहे. स्टॉकहोम त्याच्याही वर. तिथल्या मशिदी उन्हाळ्यासाठी आपलं वेळापत्रक ठरवतात, पाहुण्याने तेच पाळावं आणि मुअज्जिनची आठवण ठेवावी.

याच प्रवासात इब्ने फजलानला व्यापाराला आलेले ‘रूस’ लोक भेटले. त्यातले बरेचसे मूळचे आजच्या स्वीडनच्या किनाऱ्यावरचे, असं बहुतेक इतिहासकार मानतात. आपण ज्यांना व्हायकिंग म्हणतो त्यांचीच ही पूर्वेकडे वळलेली शाखा. इब्ने फजलानने त्यांना खजुराच्या झाडासारखे उंच म्हटलं, नखापासून मानेपर्यंत गोंदलेले म्हटलं, आणि त्यांच्या अस्वच्छतेला नाकंही मुरडली. एकाच भांड्यातल्या पाण्याने सगळे तोंड धुतात आणि त्यातच नाक शिंकरतात, हे लिहिताना त्याची शिसारी लपत नाही. पण त्यांच्या एका सरदाराचा अंत्यविधी त्याने इतका बारकाईने लिहून ठेवला की व्हायकिंगांच्या जहाजावरच्या दहनाचं कुणी डोळ्यांनी बघून लिहिलेलं इतकं सविस्तर वर्णन दुसरं नाही. त्या लोकांनी स्वतःबद्दल दगडांवर थोडंफार कोरलं, ग्रंथ लिहिले नाहीत. त्यांचा हा तपशील आज जगाला माहीत आहे तो अरबीतून. स्वीडनमधल्या शाळकरी मुलांनाही तो तिथूनच कळतो.

आता यादीत पहिली भर. स्टॉकहोमच्या पश्चिमेला सुमारे तीस किलोमीटरवर मेलारेन सरोवरात ब्योर्को नावाचं बेट आहे. त्यावर इसवी सन ७५० ते ९७५ च्या दरम्यान बिर्का हे व्यापारी गाव होतं. उन्हाळ्यात स्टॉकहोमच्या नगरभवनाजवळच्या धक्क्यावरून बोट जाते, दोनेक तास लागतात. १९९३ पासून ते जागतिक वारसास्थळ आहे. ज्याने बिर्काच्या थडग्यांचं मोठं उत्खनन केलं तो याल्मार स्टोल्पे मुळात कीटकांचा अभ्यासक. १८७१ मध्ये तो त्या बेटावर गेला तो अंबराच्या खड्यांमध्ये अडकलेले प्राचीन किडे शोधायला. इतका अंबर इथे आला कसा, हे विचारता विचारता त्याला जमिनीखाली एक गाव सापडलं, आणि पुढे त्याने तिथली हजाराहून अधिक थडगी उघडली. त्यात पूर्वेकडून आलेले अकीकाचे मणी निघाले, रेशीम निघालं, आणि निघाले दिरहम.

बेटावर हिरव्या टेकड्या, थडग्यांचे उंचवटे आणि एक लहान संग्रहालय आहे. सापडलेल्या मौल्यवान वस्तू शहरात, स्वीडनच्या ऐतिहासिक संग्रहालयात बघायच्या. म्हणून आधी बेट आणि दुसऱ्या दिवशी संग्रहालय, असा क्रम ठेवावा.

दिरहमांविषयी थोडं सविस्तर सांगते, कारण बाईंच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर तिथे आहे. स्वीडनमध्ये आतापर्यंत ८०,००० च्या आसपास इस्लामी चांदीची नाणी जमिनीतून निघाली आहेत. बहुतेक गॉटलंड या बेटावर, काही बिर्कात, काही मुख्य भूमीवर. तीनेक ग्रॅमचं पातळ, रुपयाहून जरा मोठं नाणं. त्यावर चित्र नाही, राजाचं तोंड नाही. फक्त अक्षरं. एका बाजूला मधोमध अल्लाह एक आहे, त्याला भागीदार नाही, ही ग्वाही. तिच्याभोवती गोल ओळीत बिस्मिल्लाह, मग हा दिरहम अमुक शहरात अमुक साली पाडला हा मजकूर. दुसऱ्या बाजूला मुहम्मद पैगंबर अल्लाहचे रसूल असल्याचं वचन आणि कडेने सूरे तौबाची आयत.

लिपी कुफी, नुक्ते नाहीत, त्यामुळे उर्दू-अरबी वाचणाऱ्यालाही पहिल्या नजरेत लागत नाही. पण पाच मिनिटं काचेपुढे थांबलं तर डोळा सरावतो. आधी ‘अल्लाह’ ओळखता येतं, मग ‘दिरहम’, मग शहराचं नाव. ‘मदीनतुस्सलाम’ असेल तर बगदाद. ‘समरकंद’ किंवा ‘अश्शाश’ असेल तर मध्य आशियातल्या सामानी अमीरांचं नाणं. शाश म्हणजे आजचं ताश्कंद. हिजरी साल आकड्यात नसतं, शब्दांत असतं. २९० लिहिलेलं असेल तर इसवी ९०२-०३. उर्दू शाळेत सातवी झालेल्या मुलाला हे जमतं, आणि काचेपुढे उभ्या असलेल्या बहुतेक स्वीडिश पाहुण्यांना जमत नाही. आठ दिवसांच्या सहलीत नातवंडांसमोर मिरवायला एवढं पुरे.

ही चांदी तिथे गेली कशी? चांदीच्या खाणी स्वीडिश लोकांकडे तेव्हा नव्हत्या. अब्बासी आणि सामानी राज्यांत मात्र चांदी मुबलक होती, हिंदुकुशातल्या पंजहीरच्या खाणी त्या काळी नावाजलेल्या. रूस व्यापारी बोटी घेऊन रशियातल्या नद्यांवरून खाली यायचे आणि माल विकून दिरहम घेऊन परत जायचे. नवव्या शतकातला इब्ने खुर्दाजबा आपल्या रस्त्यांच्या ग्रंथात लिहितो की रूस लोक बीव्हर आणि काळ्या कोल्ह्याची कातडी व तलवारी आणतात, कधी कधी उंटांवर माल लादून थेट बगदादपर्यंत येतात, आणि तिथे स्लाव गुलाम त्यांचे दुभाषे होतात. दिरहम त्यांनी नाणं म्हणून मोजून वापरला नाही, वजनावर वापरला. तोडले, अर्धे केले, पाव केले, वितळवून हातातली कडी केली. संग्रहालयात तुकडेच तुकडे दिसतील.

यातली एक गोष्ट आपल्याकडच्या लेखांत कुणी लिहीत नाही. रूस लोकांच्या मालात माणसंही होती. युरोपातल्या गावांवर धाडी घालून पकडलेल्या स्त्रिया आणि पुरुष व्होल्गाच्या बाजारात विकले जात, आणि त्यांचे ग्राहक मुस्लिम राज्यांत होते. अरबीत त्यांना ‘सकालिबा’ म्हणत. इब्ने फजलानने ज्या दहनाचं वर्णन केलं त्यात सरदाराबरोबर एका गुलाम मुलीला मारलं गेलं, तेही त्याने बघून लिहिलं आहे. काचेआडची चांदी बघताना फक्त कातडी आणि मध डोळ्यांपुढे आणणं बरोबर नाही. नाण्यावर कलमा आहे आणि त्या नाण्याने माणूसही विकत घेतला गेला, या दोन्ही गोष्टी मुलांना सांगाव्या लागतील.

तसंच त्या प्रसिद्ध अंगठीचं. बिर्काच्या एका स्त्रीच्या थडग्यात चांदीची अंगठी निघाली. तिच्यात जांभळ्या रंगाच्या काचेचा खडा आहे आणि खड्यावर कुफी अक्षरं कोरलेली आहेत. ती ‘अल्लाहसाठी’ अशा अर्थाने वाचली गेली. २०१५ मध्ये संशोधकांनी ती सूक्ष्मदर्शकाखाली तपासली तेव्हा कारागिराच्या कानशीचे ओरखडे आतल्या बाजूला अजून ताजे दिसले. म्हणजे अंगठी फारशी झिजलेली नव्हती, फार हातांतून फिरलेली नव्हती. ती मुस्लिम जगातून जवळजवळ थेट त्या बाईच्या हातात आली असावी. एवढंच. बाईच्या अंगावरचे कपडे तिथल्याच रिवाजाचे होते. ती मुसलमान होती असं संशोधकांनी म्हटलेलं नाही.

पण आपल्या व्हॉट्सॲपवर ही अंगठी वेगळ्याच रूपात फिरते. ‘व्हायकिंग मुसलमान होते, युरोपने लपवलं’, वर चार माशाल्लाह. २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये उप्साला विद्यापीठातल्या आनिका लार्शन यांनी सांगितलं की व्हायकिंग थडग्यांतल्या रेशमी पट्ट्यांवर ‘अल्लाह’ आणि ‘अली’ विणलेलं आहे, तेव्हा तर कहर झाला. बीबीसीपासून सगळीकडे बातमी. काही दिवसांतच टेक्सस विद्यापीठातल्या इस्लामी कलेच्या अभ्यासक स्टेफनी मल्डर यांनी दाखवून दिलं की त्या चौकोनी धाटणीची कुफी दहाव्या शतकात रूढच नव्हती, ती सुमारे पाचशे वर्षांनी आली. शिवाय पट्टी जिथे फाटून संपते त्याच्या पुढचा भाग कल्पनेने जोडल्याशिवाय ते वाचन पुरं होत नाही. ही दुसरी बातमी मला एकाही ग्रुपवर आली नाही. पहिली अजून येते, दर ईदेला.

मला याचा राग येतो, आणि तो शिक्षिकेचा राग आहे. ८०,००० खरी नाणी समोर असताना आपल्याला एका फाटक्या पट्टीचा आधार कशाला हवा? उद्या वर्गात एखाद्या पोराने विचारलं की ते खोटं निघालं ना, तर मग त्याच्या मनात नाणीही खोटी ठरतील. ज्यांना आपला इतिहास नाकारायचा आहे त्यांचं काम आपण फुकट करून देतो.

आता बगदादच्या त्या व्यापाराचं दुसरं टोक बघा, कारण ते आपल्या दारात आहे. ज्या इब्ने खुर्दाजबाने रूस व्यापाऱ्यांचा रस्ता लिहिला त्याच्याच ग्रंथात हिंदचा सर्वांत मोठा राजा म्हणून ‘बलहरा’ येतो. तो म्हणजे मान्यखेटचा राष्ट्रकूट. ‘वल्लभराज’चा अरबांनी केलेला उच्चार आहे तो. इब्ने फजलान व्होल्गाकडे निघण्याच्या चार-पाच वर्षं आधी, हिजरी ३०४ मध्ये, मसूदी हा दुसरा बगदादी आपल्या चौलला आला होता. चौलला तो ‘सैमूर’ म्हणतो. राजा शिलाहारांचा झंझ, आणि वस्तीत दहा हजारांच्या आसपास मुसलमान. काही सिराफचे, काही ओमानचे, बसऱ्याचे, बगदादचे, आणि काही इथेच जन्मलेले, ज्यांना तो ‘बयासिरा’ म्हणतो. त्यांचा मुखिया ‘हुनरमन’, राजाने नेमलेला, त्यांच्या बाबी त्यांच्या कायद्याने बघणारा. हे सारं इसवी ९१६-१७ चं. मुरूड-रोह्याच्या माणसाने चौलवरून जाताना हे आठवावं.

आणि डहाणूजवळच्या चिंचणीचा ताम्रपट, जो पूर्वीच्या ठाणे जिल्ह्यातच सापडला. शके ८४८, म्हणजे इसवी ९२६. संस्कृतातला हा लेख सांगतो की राष्ट्रकूट राजाने संयान मंडलावर, म्हणजे संजाणच्या मुलखावर, एका ‘तजिकाला’ अधिपती नेमलं होतं. तजिक म्हणजे अरब. त्याचं नाव मधुमती, हे मुहम्मदचं संस्कृत रूप. त्याने दोन प्रवाहांवर फुकट होड्या सुरू केल्या आणि वाटसरूंसाठी अन्नछत्र घातलं, तिथे भात, कालवण आणि तूप मिळे. त्याच लेखात भगवती देवीच्या मठिकेला त्याने जमीन दिल्याचीही नोंद आहे. चौलचा मसूदी, व्होल्गाचा इब्ने फजलान आणि चिंचणीचा मुहम्मद हे तिघं अकरा वर्षांच्या आत येतात. समरकंदवर तेव्हा नस्र इब्ने अहमद या अमीराची सत्ता होती आणि त्याचे दिरहम बिर्काच्या वाटेवर होते. एकाच काळात एक हात कोकणातलं सागवान आणि मसाले उचलत होता आणि दुसरा हात उत्तरेकडची कातडी. चौलचा बयासिरा आणि बिर्काचा व्यापारी कधी भेटले नसतील. पण दोघांच्या हिशेबातली चांदी एकाच जगाची होती.

हा झाला जुना धागा. नवा धागा आपल्या रोजच्या वाटेवरचा आहे, आणि तो ओळखायला कुफीही यावी लागत नाही. तो आहे काडेपेटीचा.

कडेला घासली तरच पेटणारी, विषारी पांढऱ्या फॉस्फरसऐवजी पेटीच्या बाजूला लाल फॉस्फरस लावलेली सुरक्षित काडी ही स्वीडनची. गुस्ताव पाश याने १८४४ मध्ये तिचं पेटंट घेतलं आणि यॉनशॉपिंग गावच्या लुंडस्ट्रॉम बंधूंनी ती कारखान्यात बनवून जगभर विकली. पुढे इव्हार क्रूगर नावाच्या माणसाने एकामागून एक कारखाने जोडत १९१७ मध्ये स्वीडिश मॅच ही प्रचंड कंपनी उभी केली. जगाने त्याला ‘काडेपेटीचा राजा’ म्हटलं. त्याची रीत अशी की कर्जबाजारी सरकारांना कर्ज द्यायचं आणि बदल्यात त्या देशातल्या काडेपेट्यांची मक्तेदारी घ्यायची. फ्रान्सला १९२७ मध्ये ७.५ कोटी डॉलर, जर्मनीला १९२९ मध्ये १२.५ कोटी.

हिंदुस्थानात त्याला वेगळी वाट धरावी लागली. इथे स्वीडनच्या आणि जपानच्या काडेपेट्या बाहेरून येत. १९२२ मध्ये सरकारने तिजोरी भरायला आयात काडेपेट्यांवर ग्रोसमागे, म्हणजे १४४ पेट्यांमागे, दीड रुपया जकात बसवली. बाहेरून आणणं परवडेना, तेव्हा कंपनीने कारखानेच इथे आणले. १९२३ मध्ये वेस्टर्न इंडिया मॅच कंपनी स्थापन झाली, तिलाच आपण विम्को म्हणतो. तिचा मुंबईकडचा कारखाना अंबरनाथला, कल्याणच्या पुढच्या रेल्वेमार्गालगत. बरेली, कलकत्ता आणि मद्रासकडेही कारखाने निघाले. काड्यांसाठी आपल्या जंगलातल्या सावरीचं लाकूड चालतं की स्वीडनहून आणलेलं ॲस्पेनच हवं, यावर तेव्हाच्या टॅरिफ बोर्डापुढे मोठा वाद झाला. ही परदेशी कंपनी भाव पाडून आम्हाला बुडवील, अशी देशी कारखानदारांची तक्रारही तिथे नोंदली गेली. १९२८ मध्ये जकात संरक्षक म्हणून कायम झाली आणि अंबरनाथचा कारखाना पिढ्यान्‌पिढ्या चालला. जहाज छाप आणि होमलाइट्स या त्यांच्या पेट्या. आमच्या घरी चुलीजवळच्या फळीवर जहाज छापच असायची. त्या जहाजाचा मालक कुठला, हे कधी कुणाच्या मनातही आलं नाही.

क्रूगरने या पैशावर स्टॉकहोमच्या मध्यात, कुंगस्ट्रेदगोर्डन बागेच्या बाजूला, वेस्त्रा त्रेदगोर्दस्गातान रस्त्यावर कचेरी बांधली. १९२८ मध्ये ती पुरी झाली. वास्तुकार इव्हार टेंगबोम. लोक तिला आजही ‘काडेपेटी महाल’ म्हणतात. रस्त्यावरून बघाल तर साधी, गंभीर इमारत. आत अर्धगोल चौक आहे आणि मधोमध कार्ल मिलेसच्या हातचं डायनाचं कारंजं. चार वर्षांनी, १२ मार्च १९३२ रोजी, पॅरिसच्या घरात क्रूगर गोळी लागून मेलेला सापडला. ती आत्महत्या असल्याचं ठरलं. नंतर हिशेब तपासले तेव्हा कळलं की कोट्यवधींचे इटालियन सरकारी रोखे त्याने स्वतः छापून घेतले होते आणि सह्याही बनावट होत्या. स्वीडनमध्ये हजारोंची बचत बुडाली. काडेपेटीची कंपनी मात्र तगली, आणि अंबरनाथचं कामही. २००५ मध्ये स्वीडिश मॅचने विम्कोतला आपला हिस्सा आयटीसी समूहाला विकला.

मला विचाराल तर बाईंच्या ‘आपलं काय’ या प्रश्नाला हा महाल हेच जास्त ठोस उत्तर आहे. दिरहम बगदादच्या नि समरकंदच्या लोकांचे, आपलं त्यांच्याशी नातं अक्षरांचं आणि श्रद्धेचं. पण त्या अर्धगोल चौकाच्या खर्चात अंबरनाथच्या फाटकातून सकाळी आत जाणाऱ्या माणसांच्या घामाचा वाटा आहे, मग ते कुठल्याही धर्माचे असोत. राजवाडा बघायला तासभर देणार असाल तर इथे पंधरा मिनिटं द्या. आत आता भाड्याने दिलेल्या कचेऱ्या आहेत, त्यामुळे चौकात डोकावता येईल तेवढं बघावं.

बाकीचं थोडक्यात. जेवणाची काळजी नको. तुर्की, इराकी, सोमाली लोकांची वस्ती मोठी आहे, हलाल मिळतं. जुम्म्याला सॉदरमाल्म भागातल्या मेदबोरियारप्लात्सेन चौकाजवळच्या मशिदीत जा. हीच ती २०२३ मधली मशीद. इमारत मुळात १९०३ चं वीजघर. वास्तुकार फर्डिनंड बुबेरी याच्यावर मूरिश बांधणीचा प्रभाव होता आणि तो त्या भिंतींत दिसतो. सुमारे शंभर वर्षांनी, २००० साली, तिथे मशीद सुरू झाली. जिथे ती घटना घडली त्या दारातून आत जाऊन दोन रकात पढणं, हे बाईंच्या मिस्टरांना मी सुचवलं आहे. ते गप्प राहिले. अजून नाही म्हणालेले नाहीत.

आठ दिवसांत दोन दिवस मोकळे निघाले तर गॉटलंडला जावं. नीनेसहामनहून जहाज जातं, तीन-साडेतीन तास. विस्बीच्या संग्रहालयात १९९९ मध्ये स्पिलिंग्स नावाच्या शेतात सापडलेला साठा आहे. ६७ किलो चांदी, १४,००० हून जास्त नाणी, बहुतेक इस्लामी. त्यात एक नाणं मुद्दाम शोधा. यहुदी धर्म स्वीकारलेल्या खजर राज्यात, ८३७-३८ च्या सुमारास, दिरहमाच्या नकलेवर पाडलेलं. साचा तसाच, लिपीही अरबी. फक्त एका ठिकाणी मजकूर बदललेला आहे. तिथे लिहिलंय, मूसा अल्लाहचे रसूल. हे वाक्य वाचून कुठल्याही मुसलमानाला हरकत घ्यायचं कारण नाही, आणि ज्याने ते पाडलं त्यालाही बहुधा हे माहीत असावं.

निघण्याआधी एक रविवार अंबरनाथला द्या. मानपाड्याहून काटई नाक्याला वळून खोणीवरून बदलापूरच्या पाइपलाइन रोडने गेलं तर फार वेळ लागत नाही. १०६० सालचं शिलाहारांचं शिवमंदिर बघा. चौलला ज्या घराण्याच्या राजाच्या काळात मसूदी आला, त्याच घराण्याच्या मम्वाणी राजाचं नाव त्या मंदिराच्या लेखात आहे. मग स्टेशनच्या पश्चिमेला या आणि रिक्षावाल्याला विम्को नाका म्हणा. तो बरोबर सोडेल.